प्रतिष्ठा कोणी कोणास दिली?

आपल्याकडील चित्रपटसृष्टीच्या इतिहासावर जे लेख व ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यांत एका आशयाचे वाक्य थोड्याफार फरकाने हटकून आढळते. दुर्गाबाई खोटे यांच्यासारखी घरंदाज, सुशिक्षित स्त्री चित्रपटात आली आणि त्यामुळे त्या व्यवसायास प्रतिष्ठा लाभली, असा तो आशय. हे विधान इतक्या वेळा आपल्या दृष्टीखालून गेलेले असते की, ते खरे की खोटे हा प्रश्नच आपल्या मनात उद्भवत नाही. त्यात कोणाची निंदा नाही, उलट एका थोर अभिनेत्रीची स्तुतीच आहे. मग त्याची चिकित्सा करण्याचे कारण काय, असेही कोणी विचारील. परंतु निंदेची चिकित्सा आपण नेहमीच करतो. स्तुती मात्र तपासल्यावाचून पुढे जाते, आणि पुष्कळदा एकाच्या स्तुतीच्या पोटी दुसऱ्या कित्येकांची निंदा न बोलता दडलेली असते. तशी ती येथे आहे काय, एवढेच मला पाहावयाचे आहे.

प्रथम ‘प्रतिष्ठा’ हा शब्दच घेऊ. मूर्तिकाराने घडविलेली मूर्ती कितीही सुंदर असली तरी प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तिला कोणी नमस्कार करीत नाही. विधी झाला की तोच पाषाण देव होतो. वरील विधान करणाऱ्याच्या मनात बहुधा हेच चित्र असावे. एका कुलीन स्त्रीचा पाय लागला, आणि तोपर्यंत जो केवळ धंदा होता तो कला झाला. हे चित्र खरे मानले, तर त्या स्त्रीच्या आधी ज्यांनी त्याच कॅमेऱ्यापुढे तेच काम केले त्या सगळ्या कोण होत्या? आणि त्यांच्या हातून जे घडले ते काय होते? या दोन प्रश्नांना उत्तर दिल्यावाचून आपणांस या स्तुतीचा उपभोग घेता येणार नाही.

दुर्गाबाईंचे चरित्र मोठे मनोवेधक आहे. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत, मूळच्या गोव्याकडील लाड कुटुंबात झाला. माहेरचे नाव विठा. वडील पांडुरंग शामराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर. कॅथीड्रल शाळा, सेंट झेवियर महाविद्यालय, इंग्रजी वाङ्मयाचा संस्कार, असे त्यांचे बालपण गेले. पुढे खोटे यांच्या श्रीमंत घराण्यात विवाह झाला. परंतु सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली, पुढे ऐन तारुण्यात वैधव्यही आले, आणि दोन मुलांच्या पालनपोषणाचा भार त्यांच्यावर पडला. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक छोटीशी भूमिका केली. चित्रपट अगदीच सामान्य होता, तो पडला. आणि तो पडल्याचे खापर जणू लाड आणि खोटे या दोन घराण्यांच्या अब्रूवर फुटले. एखाद्या नवख्या नटीच्या हातून एक भूमिका फसावी यात विशेष ते काय? पण कुलीन स्त्रीला फसण्याचीही मुभा नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने आपला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि तारामती दुर्गाबाई. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत हा बोलपट निघाला आणि त्याने दुर्गाबाईंचे नाव घरोघर नेले. कालपर्यंत जी माणसे नाक मुरडत होती तीच आता आपल्या लेकीसुनांस घेऊन तारामतीचे दुःख पाहावयास थिएटरात जाऊ लागली.

या तारामतीच्या भूमिकेपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. कारण आपल्या चित्रपटसृष्टीचा आरंभ याच भूमिकेच्या अडचणीने झालेला आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढावयास घेतला तेव्हा तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना. जाहिराती देऊन पाहिल्या. ज्यांस समाज आधीच बहिष्कृत समजत होता अशा स्त्रियांकडेही विचारणा झाली. परंतु त्यांनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणास लुगडे नेसवून फाळक्यांनी आपली तारामती उभी केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांनी जी तारामती पाहिली ती हीच. याच साळुंक्यांनी पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानेच केल्या. १९१३ पासून १९३२ पर्यंत, उण्यापुऱ्या एकोणीस वर्षांत, तारामती पुरुषाकडून स्त्रीकडे आली. हा प्रवास मोठा आहे यात संशय नाही.

परंतु यात एक विलक्षण विसंगती आहे, आणि ती आपल्या ध्यानात सहसा येत नाही. तारामती कोण? काशीच्या भर बाजारात जिला तिच्या नवऱ्याने विकले ती स्त्री. परक्याच्या घरी जिने दासी म्हणून दिवस काढले ती. बाजारात उभी राहिली म्हणून तिचे सतीत्व उणावले असे आपल्या पूर्वजांस कधी वाटले नाही. उलट त्या प्रसंगामुळेच ते उजळले असे त्यांनी मानले. कथेतील स्त्री बाजारात विकली जाते तेव्हा आपण रडतो आणि तिला वंदन करतो. मात्र आपले श्रम विकून पोटच्या पोरांस वाढविणाऱ्या जिवंत स्त्रीस तीच तारामती रंगविण्याचा अधिकार द्यावयास आपण तयार नव्हतो. तारामतीचे काम करण्यास सर्वांत योग्य कोण, असा प्रश्न कोणी तारामतीसच विचारला असता, तर तिने कोणाकडे बोट दाखविले असते?

आता मधल्या एकोणीस वर्षांकडे पाहू. ही वर्षे काही रिकामी नव्हती. फाळक्यांच्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. कमलाबाई तेव्हा अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या असतील. त्याच पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरल्या. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांनी तोच वारसा चालविला. म्हणजे पडद्यावरील पहिल्या स्त्रीचे नावही दुर्गाबाईच. पण ते नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? त्यानंतरच्या मूकपटांत ज्या नट्या गाजल्या त्यांत यहुदी व अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुली पुष्कळ होत्या. ‘सुलोचना’ म्हणून सबंध देशास ठाऊक असलेली स्त्री म्हणजे रूबी मायर्स. ‘सीतादेवी’ म्हणजे रेनी स्मिथ. त्यांनी आपली नावे बदलून हिंदू नावे घेतली, आणि आपण त्या नावांवर लुब्ध झालो. गौहर यांनी १९२९ साली चंदुलाल शहा यांच्यासह रणजीत कंपनी उभारण्यात भाग घेतला. गाणे-बजावणे हाच ज्यांचा परंपरागत व्यवसाय होता अशा घरांतून जद्दनबाई आल्या, त्यांनी चित्रपटांस संगीत दिले, चित्रपट काढले. इतकेच काय, सुशिक्षित व वरच्या वर्गातील स्त्रिया तरी दुर्गाबाईंच्या आधी कोणीच आल्या नाहीत असे कोठे आहे? एनाक्षी रामराव १९२८ सालच्या ‘शिराझ’ या चित्रपटात आहेत. तेव्हा ‘पहिली’ हे विशेषणही जपूनच वापरावे लागते.

या सगळ्या स्त्रिया बिनप्रतिष्ठेच्या होत्या, असे ज्यांस म्हणावयाचे असेल त्यांनी आक्षेपाचे नेमके स्वरूप तरी सांगितले पाहिजे. माझ्या मते तो आक्षेप तीन प्रकारचा होता. एक, स्त्रीने परक्यांच्या नजरेपुढे आपले रूप मांडणे. दुसरा, परक्या पुरुषांच्या संगतीत दिवसाचे दिवस राहणे. आणि तिसरा, या सगळ्याबद्दल पैसा घेणे. यांपैकी पहिल्या आक्षेपाचे ओझे वस्तुतः पाहणाऱ्यावर पडावयास हवे. पडद्यावरील स्त्रीकडे वाईट नजरेने पाहणारा तिकीट काढून बसलेला असतो आणि त्याचे नाव बहुधा प्रतिष्ठितांच्याच यादीत असते. दुसरा आक्षेप खरा मानला तर शेतात, गिरणीत आणि बांधकामावर राबणाऱ्या लक्षावधी स्त्रिया सरसकट दोषी ठरतील. त्यांच्या श्रमावर आपले संसार चालतात म्हणून त्यांच्याविषयी आपण तो आक्षेप कधी घेत नाही. राहिला तिसरा. सॉलिसिटर आपला सल्ला पैसे घेऊन देतो, वैद्य आपले ज्ञान पैसे घेऊन देतो, आणि माझ्यासारखा प्राध्यापक तर वर्गात बोललेल्या शब्दाचे वेतन दरमहा मोजून घेतो. बापाने घेतलेली फी हे भूषण आणि मुलीने घेतलेला पगार हा कलंक, हा भेद कोणत्या नीतिशास्त्राने सिद्ध व्हावयाचा? तिन्ही आक्षेप असे एकेक करून तपासले की ते विरून जातात. शेवटी उरते ते एवढेच की, ती स्त्री ‘आमच्यातली’ नव्हती.

येथे एक निराळी सबबही पुढे येते. तिचाही विचार केला पाहिजे. दुर्गाबाई हौसेने नव्हे तर नाइलाजाने या व्यवसायात आल्या, असे सांगून कित्येक जण त्यांचे समर्थन करतात. घरची परिस्थिती बिघडली, मुले लहान, तेव्हा दुसरे करणार काय? या समर्थनात सहानुभूती आहे, ती मी नाकारीत नाही. पण नाइलाज ही जर क्षम्य करणारी गोष्ट असेल तर ती सर्वांसच लागू व्हावी. त्या काळी ज्या स्त्रिया नाटकांत वा चित्रपटांत आल्या त्यांतील बहुतेकींच्या घरी खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळवणारे हात थोडे, हीच स्थिती होती. त्यांचा नाइलाज मात्र कोणी मोजला नाही. जन्म पाहून सबबीचे वजन ठरविणारा तराजू न्यायाचा असू शकत नाही. शिवाय या समर्थनाने दुर्गाबाईंवरही अन्यायच होतो. मुले मोठी झाली, संसार सावरला, तरी त्यांनी काम सोडले नाही. साठी ओलांडली, सत्तरी आली, तरी त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहत होत्या. त्या पन्नास वर्षांची उपपत्ती नाइलाजाने कशी लागणार? त्यांस ते काम आवडत होते आणि ते उत्तम करता येत होते, हे साधे सत्य आपण का मान्य करू नये? स्त्रीने अडचणीपोटी काम केले तर क्षमा आणि आवडीपोटी केले तर संशय, हा नियम आपण न बोलता पाळत आलो आहो.

हा विषय वर्गात निघाला असता एका विद्यार्थिनीने मला हटकले. ती म्हणाली, “सर, तुमचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण त्या आल्या नसत्या तर आमच्या पणज्यांना शाळेच्या संमेलनात तरी काम करू दिलं असतं का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. बहुधा दिले नसते. दुर्गाबाईंच्या उदाहरणाने पांढरपेशा घरांतील कित्येक बापांची तोंडे बंद झाली आणि कित्येक मुलींची तोंडे उघडली, यात शंका नाही. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या. बालगंधर्वांच्या अवीट लावण्यावर पोसलेल्या प्रेक्षकांनी ते स्वीकारले. ही हवा पालटविण्यात पडद्याचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल? उदाहरणाचे सामर्थ्य मोठे असते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही आहे त्याने ते पणास लावले की, बघ्यांस विचार करणे भाग पडते.

परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. एखाद्या गोष्टीविषयीचा लोकांचा गैरसमज कशाने दूर झाला, हा एक प्रश्न. आणि त्या गोष्टीचे मूल्य कशात होते, हा दुसरा. ग्रहण सुटले म्हणजे सूर्य दिसू लागतो. पण ग्रहण सुटल्यामुळे सूर्यास तेज आले असे आपण म्हणत नाही. दुर्गाबाई आल्यामुळे आपली दृष्टी बदलली, हे खरे. अभिनयाचे मोल त्यामुळे वाढले, हे खरे नव्हे. ते मोल कमलाबाईंच्या मोहिनीतही होते, साळुंक्यांच्या तारामतीतही होते. बदललो ते आपण. तेव्हा ‘व्यवसायास प्रतिष्ठा लाभली’ असे लिहिण्याऐवजी ‘आमची अढी काही अंशी सुटली’ असे लिहिणे अधिक यथार्थ होईल. वाक्य तेवढे भारदस्त वाटणार नाही, पण ते खरे असेल.

अढी सुटण्यास कुलीनतेचीच गरज असते काय, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. संगीताच्या क्षेत्रात याचे उत्तर निराळे मिळते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोव्यातील कलावंत समाजात जन्मल्या. दोघींनीही अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेतली. आणि ज्या श्रोत्यांनी त्यांच्या जन्माकडे बोट दाखविले असते तेच त्यांच्या मैफलीत मान खाली घालून बसू लागले. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची जी याने अंतराळात सोडली, त्यांवरील ध्वनिमुद्रिकेत हिंदुस्थानी संगीताचा नमुना म्हणून केसरबाईंची भैरवी आहे. तिला ती जागा मिळवून देण्यास कोणा घरंदाज स्त्रीने आधी येऊन मैफल पवित्र करून द्यावी लागली नाही. विद्या जेथे निर्विवाद असते तेथे कुळाची साक्ष काढण्याचे प्रयोजन उरत नाही. मात्र या उदाहरणाचा दुरुपयोगही होऊ शकतो. केसरबाईंइतके अलौकिक असाल तर आम्ही तुमचा जन्म विसरू, असे म्हणणे हाही एक प्रकारचा उर्मटपणाच आहे. सामान्य गुणाच्या कुलीन मुलीस जो मान आपण सहज देतो, तो दुसरीस असामान्य झाल्यावाचून मिळू नये, हा न्याय नव्हे.

मराठीत अभिनेत्रींची दोन आत्मचरित्रे आहेत, ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी सूचना आहे. एक हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’, १९७० सालचे. दुसरे ‘मी, दुर्गा खोटे’, १९८२ सालचे. हंसाबाई याच व्यवसायातल्या. ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’, ‘लोकशाहीर रामजोशी’ हे त्यांचे चित्रपट. आणि ज्या चित्रपटाचे नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्रास दिले तो १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ तर पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यांच्या पुस्तकावरूनच १९७७ साली श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ हा चित्रपट केला. कुटुंबाच्या चरितार्थासाठी हंसाबाई अगदी लहान वयात कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या आयुष्यातील घसरणी, व्यसन, फसवणूक, यांपैकी काहीही झाकून ठेवले नाही. दुर्गाबाईंच्या पुस्तकात संयम आहे, आपल्या माणसांविषयीचा जिव्हाळा आहे, आणि दुःख सांगतानाही आवाज चढू न देण्याची शिस्त आहे. दोन्ही पुस्तके आपापल्या परी सत्यनिष्ठ आहेत.

यांपैकी कोणाचे धैर्य मोठे, असे विचारण्याचा मोह होतो. दुर्गाबाईंपाशी गमावण्यासारखे पुष्कळ होते. हंसाबाईंपाशी ते नव्हते. म्हणून दुर्गाबाईंचे धैर्य अधिक, असे एक जण म्हणेल. त्यास दुसरा उत्तर देईल की, दुर्गाबाईंमागे माहेर होते, शिक्षण होते; पाय घसरला तर परत जावयास एक दार उघडे होते. हंसाबाईंमागे तसे दार नव्हते; तेव्हा धैर्य त्यांचे अधिक. मला वाटते, दोन्ही उत्तरे सारखीच खरी आहेत आणि म्हणूनच तो प्रश्न निरर्थक आहे. दोघींच्या धैर्याची जात निराळी. एकीने मिळालेले स्थान पणास लावले, दुसरीने स्थानावाचून उभे राहून दाखविले. विचारण्याजोगा प्रश्न आहे तो आपल्याविषयी आहे. संत सखूचे हाल पाहून ज्या प्रेक्षकांनी पदराने डोळे पुसले, त्यांनी ती भूमिका करणाऱ्या स्त्रीस आपल्या माजघरात बसवून घेतले असते काय? दुर्गाबाईंस बसविले असते, कारण त्या बसण्या-उठण्यात, बोलण्या-चालण्यात आपल्यासारख्या होत्या. त्यांस दिलेल्या मानात बराचसा भाग आपण आपणांसच दिलेल्या मानाचा होता.

कुलीनता ही ज्याच्याजवळ असते त्यासही फुकट मिळत नाही, हे मात्र दुर्गाबाईंच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते. ‘फरेबी जाल’च्या अपयशाचा मी वर उल्लेख केला. एका लहानशा भूमिकेसाठी दोन घराण्यांस मान खाली घालावी लागावी, याचा अर्थ असा की त्या स्त्रीस स्वतःचे अपयशही स्वतःचे म्हणून भोगता आले नाही. तसेच यशाचे. तिने तारामती उत्तम वठविली, तर ते श्रेय संस्कारांचे, शिक्षणाचे, घराण्याचे. तिचे स्वतःचे असे त्यात काय उरले? आम्ही ज्यास तिची स्तुती म्हणतो, ती पुष्कळदा तिच्या वडिलांची व सासऱ्यांची स्तुती असते.

म्हणून तिचे स्वतःचे काय होते ते पाहावे. एका कंपनीच्या पगारावर बांधून घेऊन राहण्याचा तो काळ. परंतु दुर्गाबाईंनी कोल्हापुरास काम केले, तसे कलकत्त्यासही केले. देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘राजरानी मीरा’ आणि १९३४ सालची ‘सीता’ केली. १९३६ साली पुन्हा प्रभातमध्ये येऊन ‘अमर ज्योती’त सौदामिनी झाल्या. पोटच्या पोरावरचा आईचा हक्क नाकारणाऱ्या राज्याविरुद्ध उठून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही सौदामिनी. सोशिक तारामतीच्या अगदी उलट टोकाची स्त्री. पोक्त, गृहस्थी भूमिकांतच राहिले असते तर प्रतिष्ठा सुखरूप होती. त्यांनी ती हद्द मानली नाही. पुढे त्या निर्मितीच्या कामातही उतरल्या. १९५४ साली शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ या ‘मॅकबेथ’च्या रूपांतरात त्यांनी राजहत्येस नवऱ्यास प्रवृत्त करणारी स्त्री रंगविली. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या नवरा आणि मुलगा यांच्या कात्रीत सापडलेल्या जोधाबाई होत्या. वयाच्या सत्तरीस टेकल्या असताना ‘बिदाई’ या १९७४ सालच्या चित्रपटासाठी त्यांस फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. ऐंशी उलटल्यावर, १९८८ साली, त्यांच्या संस्थेने ‘वागले की दुनिया’ ही दूरदर्शन मालिका काढली आणि सामान्य मध्यमवर्गीय कारकुनाचा संसार घरोघर पोचविला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या निवर्तल्या. या साठ वर्षांत कुळाने त्यांस फार तर पहिल्या दाराशी आणून सोडले असेल. पुढची वाट त्यांनी वेळेवर येऊन, पाठ चोख करून आणि वयाप्रमाणे भूमिका स्वीकारून चालली. तरुण नायिकेचे आई होणे आणि आईचे आजी होणे हे कोणत्याही नटीस सोपे नसते. ते त्यांनी कुरकुर न करता केले, आणि प्रत्येक पायरीवर नवे काही दाखविले. मान द्यावयाचा तो यास द्यावा.

१९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंस मिळाला. ज्या फाळक्यांस १९१३ साली तारामतीसाठी एक स्त्री मिळाली नाही, त्यांच्या नावाचा पुरस्कार १९३२ च्या तारामतीस मिळावा, यात न्याय आहे. पण त्याच पुरस्कारांच्या यादीत १९७३ सालच्या रकान्यात रूबी मायर्स यांचेही नाव आहे, आणि ते दुर्गाबाईंच्या दहा वर्षे आधी आहे. सरकारी यादीने कोणाचे घराणे विचारले नाही. आपण चरित्रलेख लिहिताना ते विचारतो.

हा प्रश्न जुन्या चित्रपटांपुरता आहे असे कोणी समजू नये. आजही एखादी मुलगी नाटकात, नृत्यात वा चित्रपटात जाऊ इच्छिते तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘तिथे आपल्यासारख्या घरच्या मुली असतात का?’ असा. प्रश्न विचारणाऱ्या आईचा हेतू शुद्ध असतो. मुलगी सुरक्षित असावी एवढेच तिला हवे असते. पण सुरक्षितता हवी असेल तर विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. तेथे कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत काय, ठरलेला पैसा मिळतो काय, मुलीने नाही म्हटले तर ते ऐकले जाते काय, तक्रार केली तर तिची दाद लागते काय? या प्रश्नांची उत्तरे मिळवून दिली तर ती सगळ्याच घरांतील मुलींच्या उपयोगी पडतात. ‘आपल्यासारख्या घरच्या’ या प्रश्नाचे उत्तर मात्र फक्त आपलाच उंबरठा राखते, आणि ज्यांस कोणी विचारीत नाही अशा मुलींस जेथल्या तेथे सोडून देते. दुर्गाबाई खोटे यांच्याविषयी यापुढे लिहिताना त्यांनी कोणास प्रतिष्ठा दिली हे सांगण्याऐवजी त्यांनी कोणत्या भूमिका केल्या आणि कशा केल्या हे सांगावे. आणि त्यांच्या आधी पार्वतीचे काम करून गेलेल्या दुसऱ्या दुर्गाबाईंचे नावही त्याच पानावर यावे.